पालथी कढई

आमच्या गावात लढाईची बातमी टीव्हीवर येतेच, पण ती खरी मानली जाते स्वयंपाकघरात. ज्या घरचा माणूस सीमेवर असेल, त्या घरची बाई कढई घासूनपुसून कट्ट्यावर पालथी घालते. मग त्या घरात तळण होत नाही. भजी नाहीत, पुरी नाही, पापडसुद्धा विस्तवावर भाजायचा. सणवार येवो, जावई येवो, कढईला हात लावायचा नाही. ही रीत कुणी घातली हे कुणालाच ठाऊक नाही. लोणंदच्या आसपासच्या इतर गावांत ती आहे की नाही, तेही मला माहीत नाही. आमच्याकडे जवळजवळ घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे ती मुरली एवढं खरं.

कढई सुलटी कधी करायची याचाही नियम आहे. फौजेत नेमणूक दोन तऱ्हेची असते. एक फील्ड, म्हणजे पुढं, सीमेवर. दुसरी पीस, म्हणजे मागच्या छावणीत. आमच्या बायका शाळेत गेलेल्या असोत नसोत, हे दोन इंग्रजी शब्द त्यांना पक्के येतात. माणसानं स्वतः फोनवर सांगितलं की मी पीसला आलो, की कढई सुलटी. दुसऱ्या कुणी निरोप दिलेला चालत नाही.

मी पायदळात हवालदार होतो. मी वर बर्फात असताना आमची कढई इतके दिवस पालथी राहिली की तिला आतून गंज चढला. पीसला आल्याचा फोन मी केला, तेव्हा बायको माझ्याशी धड दोन शब्द बोलली नाही. मला रागच आला. पुढं आईनं सांगितलं की फोन ठेवल्यावर ती परसात गेली आणि राख घेऊन संध्याकाळपर्यंत कढई घासत बसली, घासून झाली तरी घासतच होती.

माझी धाकटी बहीण कुंडलला दिली आहे. सांगली जिल्ह्यातलं मोठं गाव, उसाची काळी जमीन, घरात खायला-ल्यायला काही कमी नाही. तिला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा मिसरूड फुटायच्या आधीपासून फौजेत जायचं म्हणायचा आणि बहीण त्याला मोडता घालायची. माझ्यासमोरच एकदा तिनं त्याला बजावलं, "मामागत बर्फात जाऊन बसायचं न्हाई. जायचंच आसंल तर इमानाच्या खात्यात जा." पोरगं हुशार. हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून लागला आणि लढाऊ विमानांच्या तळावर गेला. उडवणारे वेगळे, हा ती विमानं तपासणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या, उड्डाणाला तयार करणाऱ्या टोळीतला. शेजारणी विचारायच्या, लेक काय करतोय, तर बहीण तोऱ्यात सांगायची, "सरकारी गॅरेज हाय इमानांचं." पंखा आहे, पलंग आहे, वेळेवर जेवण आहे. कढईची रीत तिनं माहेराहून सासरी नेली होती, पण लेकासाठी ती पाळायची वेळ येईल असं तिला कधी वाटलं नाही. आमच्या गावातल्या बायकाही हेच म्हणायच्या. विमानाजवळचा तो मागचा. त्याला कशाला कढई?

माझी सकाळ दूध डेअरीच्या पायरीवर जाते. दूध घालणं हे निमित्त, खरं काम पेन्शनरांच्या गप्पांचं. तिथं तोफखान्यातले एक सुभेदार येतात. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "इमानं सव्वीस जानेवारीला उडवायला झ्याक. जमीन घ्यायची तर शेवटी पायच लागत्यात." मी पायदळातला, म्हणजे मला हे ऐकून बरं वाटायला हवं. मला उलट तिडीक जायची. कारण ते पाय कुणाचे हे मी पाहिलेलं आहे. एखादं ठाणं घ्यायला पोरं चढवायची, वरून मारा व्हायचा, आणि ठाणं हाती यायचं तेव्हा मोजायला माणसं कमी असायची. मग एखाद दिवशी ढगाच्या वरून तो आवाज जायचा. आम्ही दगडाला चिकटून बसलेले, आम्हाला विमान दिसायचंही नाही, पण वाटायचं, चला, आपल्या बाजूनं कुणीतरी बोललं. समोरचा मारा थांबायचा. त्या विमानाच्या किमतीबद्दल पेपरात बोंब झाली की मी सुभेदारांना म्हणायचो, खाली जी पोरं वाचली ती पण त्या किमतीत धरा की. मी त्यातलाच एक आहे.

लढाईच्या आधीच्या हिवाळ्यात भाचा सुट्टीवर आला, तेव्हा दोन दिवस माझ्याकडे राहिला. नव्या विमानांबद्दल मी त्याला खोदून खोदून विचारलं. आतलं काही तो सांगणार नाही हे मला ठाऊक होतं, मीही तसलं विचारलं नाही. पेपरात येतं तेवढंच, पण त्यानं ते नीट उलगडून सांगितलं. "मामा, आता इमानं एकमेकांच्या नजरंला बी पडत न्हाईत. आपल्याच हद्दीत ऱ्हाऊन मिसाईल सोडायचं आन् माघारी वळायचं. जेला आदी दिसलं त्येनं मारलं." त्यासाठी जमिनीवर रडार हवं, उंचावरून पाहणारं दुसरं विमान हवं, या सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं हवं. नुसतं भारीतलं विमान आणून उभं केलं तर ट्रॅक्टर घेतला आणि डिझेल नाही अशी गत.

"म्हंजी लय जपायचं काम हाय की रं," मी म्हणालो.

"व्हय तर. हवेत घावत न्हाई, म्हणून जमिनीवर हुडकत्यात. उतरलेलं इमान नुसतं उभं आसतंय, कुटं जातंय त्ये? म्हणून आता पैला मार धावपट्टीवर."

मला सुभेदारांचं तोंड बंद करायला मुद्दा मिळाला होता. मी त्याच्यासाठी आणखी एक कप चहा टाकायला लावला.

त्या उन्हाळ्यात लढाई पेटली. टीव्हीवर दिवसभर आरडाओरडा आणि गावात एकेका घरची कढई पालथी. डेअरीच्या पायरीवर गर्दी वाढली. मिलिटरीत ड्रायव्हरकी करून आलेला आमचा एक गडी घाबरून म्हणाला, "कोयनेच्या धरणावर बाँब टाकला तर वं काय करायचं?" मग मला चेव आला. मी म्हणालो, "धरणाचं सोड गड्या. आताच्या लढाईत सीमा बिमा काय न्हाई. ज्याची इमानं बसली त्यो आंधळा आन् लुळा झाला. म्हणून पैला मार धावपट्टीवर, इमान उभं आसतंय तितं. लांबनं सोडत्यात, ड्रोन पाठवत्यात. खंदकातला जवान आता मागं, आन् इमानाजवळचा पुढं." सुभेदारसुद्धा गप्प बसले. फार दिवसांनी माझं कुणीतरी ऐकून घेतलं होतं, आणि मी ऐटीत घरी आलो.

ड्रायव्हरनं माझं बोलणं मोबाइलवर टिपलं होतं. त्यानं ते गावच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते कुठं कुठं गेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुंडलला भाचीच्या फोनवर पोचलं. भाचीचा साखरपुडा दोन दिवसांवर आला होता. घरात आचारी ठरलेला, पाहुण्यांना आवतणं गेलेली.

बहिणीचा फोन आला. नेहमी ती आधी वहिनीची चौकशी करते. त्या दिवशी केली नाही.

"दादा, डेअरीवर तुमी बोललासा त्ये बगितलं मी. पैला मार धावपट्टीवर म्हणालासा."

"अगं, ते आपलं चार माणसांतलं बोलणं..."

"पोरगं तितंच आसतंय की." मग तीच पुढं म्हणाली, "त्येचा फोन बंद हाय. परवापासनं लागंना. मी त्येला मागचा समजत हुते, दादा. कढई पालथी घालू का नगं, तेवडं सांगा. तुमी म्हणाल तसं."

मी येतो म्हणालो आणि फोन ठेवला. उत्तर द्यायला वेळ काढला, दुसरं काय.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हणालो, सांगून टाकतो, काही नाही म्हणून. साखरपुडा होऊ दे, पोरीचा आनंदाचा दिवस आहे. बायको फारशी बोलणारी नव्हे. ती म्हणाली, "मला तवा समद्यांनी खोटंच सांगितलं हुतं. तुमी सपाटीला हाय, थंडी बी न्हाई. सासूबाईंनी तेवडं खरं सांगितलं, म्हणाल्या, कढई घाल. आवं, आमच्या हातात दुसरं काय आसतंय? तुमी तिकडं. आमी हितं त्येच तेल, त्येच पीठ. एवडं एक न्हाई करायचं, म्हंजी तुमच्या नावानं कायतरी केलं. तिला खोटं सांगून तेवडं बी काढून घेऊ नगा." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे ती पहिल्यांदाच बोलली. मी पिशवी भरायला घेतली.

सकाळच्या गाडीनं ताकारीला उतरलो आणि वडापच्या जीपनं कुंडल गाठलं. पाव्हणे, म्हणजे बहिणीचे मालक, स्टँडवरच येऊन थांबले होते. घरी जायच्या आधी माझ्याशी एकट्याशी बोलायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. मोटरसायकलला किक न मारता ते म्हणाले, "पाव्हणं, तिला न्हाई म्हणून सांगा. काय झालं न्हाई, काय हुनार न्हाई म्हणा. उद्याचा दिस तेवडा पार पडू द्या. ती तुमच्याबिगर कुणाचं ऐकायची न्हाई." मग इकडंतिकडं बघत म्हणाले, "आन् खरं काय आसंल त्ये मला सांगा." त्या माणसाची मला दया आली. त्यालाही कढई पालथी घालावीशी वाटत होती, पण पुरुषाला कोण घालू देतो?

अंगणात मांडव पडला होता. आचाऱ्याची भट्टी लावलेली, आणि तिच्याशेजारी त्याची पातेली, झारे, आणि माणूस बसेल एवढी मोठी कढई. शेजारच्या जैन घरातल्या काकी बहिणीसोबत डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत, त्यामुळे साखरपुड्याची पंगत त्यांच्या सोयीनं लवकर धरली होती. भाची हातावर मेंदी घेऊन आत बसली होती. ती माझ्याकडं बघून हसली आणि लगेच आईकडं पाहू लागली. तिला सगळं कळत होतं.

बहीण मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. घरातली रोजची कढई तिनं घासून ओट्यावर ठेवली होती. ना पालथी, ना सुलटी, भिंतीला टेकवून तिरकी उभी केलेली. तिनं मला पाणी दिलं आणि मी पिऊन होईपर्यंत थांबली.

"सांगा."

मी काय काय बोलायचं ठरवून आलो होतो. तळ फार मोठा असतो, तिथं तोफा असतात, वरच्या वर पाडणारी क्षेपणास्त्रं असतात, विमानांना काँक्रीटची घरं असतात. यातलं एकही खोटं नव्हतं. पण ते तिनं विचारलंच नव्हतं. लेक पुढं आहे की मागं आहे, एवढंच तिनं विचारलं होतं. माझ्या मनात येत होतं, विमान इतकं मोलाचं आहे म्हणून तर त्याच्यामागं ते लागणार, आणि हे पोर त्याच्या चाकाशी बसलेलं. त्या विमानानं मला एकदा वाचवलं होतं. ते तसं उडावं म्हणून जमिनीवर कुणीतरी उभं असणार, तोही कुणाचा तरी लेक असणार, हा विचार तेव्हा मला कधी शिवला नव्हता.

"घाल पालथी," मी म्हणालो.

तिनं लगेच घातली. रडली नाही. पदराला हात पुसले आणि बाहेर जाऊन आचाऱ्याला सांगितलं, तळण करायचं नाही. आचारी तडकला. पुऱ्यांचं पीठ, भज्यांचं बेसन, सगळं आणलेलं. पाव्हण्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी नजर वळवली. जैन काकींनी बहिणीला कारण विचारलं, ऐकलं, आणि हातातलं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मग आमच्या घरात बी नगं बाई आता." आणि पुन्हा डाळ निवडायला लागल्या.

साखरपुडा झाला. पंगतीला चपात्या, आमटी, भात, शिरा, मठ्ठा. वरपक्षातला एक जाडजूड गृहस्थ मोठ्यानं म्हणालाच, "पोरगा गॅरेजात आसतोय म्हणं, मग तळणाचा उपास कशाला?" कुणी हसलं, कुणी त्याला गप्प केलं. भाचीनं अंगठी घालून घ्यायला हात पुढं केला, तेव्हा ती आईकडंच पाहत होती. फोटोत ते दिसतं. माझ्या मनात एकच धास्ती होती. मी सांगितलं ते खरं व्हायला नको. आपलं म्हणणं चुकावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले.

लढाई थांबल्याची बातमी आली, आणि त्यानंतर भाच्याचा फोन. तो बरा होता. बहिणीच्या हातातून फोन गळून पडला, तो पाव्हण्यांनी उचलला, आणि मला गावी फोन करून एवढंच म्हणाले, "बोलला." मी डेअरीवर पेढे वाटले. सुभेदारांनी दोन घेतले.

पावसाळ्यात तो सुट्टीवर आला तेव्हा मला भेटायला आला, आणि बसायच्या आधीच म्हणाला, "मामा, आईला कशाला सांगितलंसा? मी तिला म्हणायचो, मी मागं गोडाऊनला आसतो." मग त्यानंच थोडं सांगितलं. विमान उतरलं की ते पुन्हा तयार करायचं असतं, आणि पटकन करायचं असतं, कारण खाली आहे तोवर ते कामाचं नाही आणि सगळ्यांच्या डोळ्यावर आहे. भोंगा वाजला की माणसं खंदकात जातात. पण विमान उघड्यावर उभं असलं आणि त्याला हलवायचं असलं, तर ज्यांचं ते काम असतं ती पोरं विमानापाशी थांबतात. "तू?" मी विचारलं. तो म्हणाला, "वर कायतरी फुटलं. लय मोटा उजेड पडला. मग आमी परत कामाला लागलो." पुढं त्यानं विषय बदलला आणि मामीला म्हणाला, भजी करा. तिनं केली. तो जेवढी खाईल तेवढी.

आमच्या गावातल्या कढया तोवर सुलट्या होत गेल्या होत्या. एकेक पलटण मागं आली, एकेकाचा फोन आला, एकेका घरातून तळणाचा वास सुटला.

दिवाळीत भाऊबीजेला मी कुंडलला गेलो. बहिणीनं फराळाचं ताट पुढं केलं. रव्याचे लाडू, भाजक्या पोह्यांचा चिवडा, बेसनाची वडी. चकली नाही, करंजी नाही, शंकरपाळी नाही. मी सहज आत पाहिलं. कढई ओट्यावर पालथीच होती.

"अगं, लढाई थांबून किती दिवस झाले! तो सुट्टीवर येऊन गेला की!" मी जरा चिडूनच बोललो.

ती ओवाळायचं ताट तयार करत होती. निरांजनात वात ठेवत म्हणाली, "आला आन् गेला. सीमेवरचं पोरगं पीसला येतंय, तवा कढई सुलटी. आपली रीत हाय ती. माजं पोरगं इमानापाशी. बदली झाली तर दुसऱ्या इमानापाशी. उद्या पुन्हा पेटलं तर पैलं तितंच, तुमीच म्हणालासा. मग त्येला पीस कुटलं, दादा?"

पाव्हणे दारातून उठून बाहेर गेले. तुळशीचं लग्न झालं की भाचीची हळद होती, आणि लग्नाचा आचारी विचारून गेला होता, तळण धरायचं का. बहिणीनं त्याला सांगितलं होतं की दादा आल्यावर सांगते.

मी पाटावर बसलो, टोपी घातली. तिनं मला कुंकू लावलं, ओवाळलं. मी खिशातून पाकीट काढलं, तेव्हा तिनं मान हलवली.

"ओवाळणी ऱ्हाऊ द्या अवंदा. पालथी घाल म्हणून तुमी सांगितलंसा. आता सुलटी कवा करू, तेवडं सांगा."

डेअरीच्या पायरीवर मला सगळं सांगता येतं. किती लांबून मारतात, कोण कुणाला आधी दिसतं, कुणाची विमानं भारी. ती ताट धरून माझ्यासमोर उभी होती, आणि त्या ताटात घालायला माझ्याकडं काही नव्हतं.